कोऱ्या डिस्कची पारख

मध्यमवर्गीय घरात लग्नाच्या अल्बमशेजारी हमखास एक पिशवी असते. तिच्यात दोन-चार काळ्या व्हीएचएस कॅसेट, त्यांच्यावरून कधीतरी करून घेतलेल्या सीडी-डीव्हीडी आणि प्रत्येकीवर कुणाच्या तरी अक्षरात लिहिलेलं नाव : 'ताईचं लग्न', 'मुंज भाग २', 'आजीची पंचाहत्तरी'. घर बदलताना जुनी भांडी मोडीत जातात, गाद्या टाकल्या जातात, पण ही पिशवी नव्या घरात येतेच. फोटोत माणसाचा चेहरा दिसतो. पण आजीचा आवाज, आजोबांची चालण्याची ढब, काकूंचं पदर सावरत हसणं हे सगळं फक्त त्या शूटिंगमध्ये असतं. आणि त्यातली कितीतरी माणसं आता घरात नसतात.

२००० ते २०१० या काळात अनेक घरांनी शहाणपणा केला. कॅसेटला बुरशी लागण्याआधी ती स्टुडिओत नेली आणि तिची सीडी किंवा डीव्हीडी करून आणली. 'आता आयुष्यभराची काळजी मिटली,' असं दुकानदारानं सांगितलं आणि घरच्यांनी ते मानलं. आज ती डिस्क लावली, तर काही घरांत चित्र स्वच्छ दिसतं. काही घरांत मात्र मंगलाष्टकं सुरू होतात, तिसऱ्या-चौथ्या अष्टकाला चित्राचे चौकोनी तुकडे पडू लागतात आणि मग पडदा थिजतो. दोन्ही डिस्क एकाच वर्षी घेतलेल्या, दोन्ही कपाटात ठेवलेल्या. मग एक टिकली आणि दुसरी का गेली?

यात नशिबाचा भाग थोडा. बराचसा भाग कोऱ्या डिस्कच्या निवडीचा, ती राइट करण्याच्या पद्धतीचा आणि ठेवण्याच्या जागेचा. आजही घरच्या शूटिंगची एक प्रत डिस्कवर असणं फायद्याचं आहे. एकदाच राइट होणारी डिस्क चुकून पुसली जात नाही, तिच्यातल्या फायलींना नंतर व्हायरस लागत नाही, तिचं मासिक भाडं भरावं लागत नाही आणि पासवर्ड विसरला म्हणून ती बंदही पडत नाही. फक्त ती पारखून घ्यायला हवी.

सिनेमाची वेगळी, घरची वेगळी

दुकानातून विकत आणलेली सिनेमाची डीव्हीडी आणि घरी राइट केलेली डीव्हीडी दिसायला बहिणी-बहिणी, पण आतून दोघींचा काही संबंध नाही. सिनेमाच्या डिस्कमध्ये प्लास्टिकवर सूक्ष्म खड्डे साच्यानं दाबून उमटवलेले असतात. ते सहसा पुसले जात नाहीत. घरच्या डिस्कमध्ये खड्डे नसतातच. तिच्यात रंगद्रव्याचा एक अतिशय पातळ थर असतो. रायटरचा लेझर त्या थरावर ठिकठिकाणी डाग पाडतो आणि ते डाग म्हणजेच तुमचं शूटिंग. रंग म्हटला की तो उडणं आलंच. ऊन, उष्णता आणि दमट हवा हे त्याचे तीन शत्रू. म्हणून 'आमच्याकडची सिनेमाची डिस्क पंधरा वर्षं चालते आहे' हा दाखला घरच्या डिस्कला लागू पडत नाही.

रंगद्रव्याच्या मागे चकचकीत धातूचा थर असतो. बहुतेक डिस्कमध्ये तो चांदीच्या मिश्रधातूचा असतो. देवघरातली चांदीची भांडी काळी पडतात, तसाच हा थरही हवेतल्या गंधकयुक्त वायूंनी खराब होऊ शकतो. काही महागड्या डिस्कमध्ये याच जागी सोन्याचा थर दिलेला असतो. सोनं काळं पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. रंगद्रव्य हलकं असेल तर सोनंही त्याला वाचवू शकत नाही.

हे थर कुठे असतात, तेही माहीत असायला हवं. सीडीमध्ये ते वरच्या बाजूला, छापील नावाच्या लगेच खाली असतात. म्हणून सीडीच्या छापील बाजूवर बॉलपेन दाबून लिहिलं, तर खालच्या चरा पडण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त नुकसान होतं. डीव्हीडीमध्ये ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवून त्यांच्या मध्ये हे थर ठेवलेले असतात. त्यामुळे ते सुरक्षित असतात. पण डिस्क वाकवली, तर चिकटवलेला जोड कडेनं उकलायला लागतो. डबीतून डीव्हीडी काढताना कड धरून ओढण्यापेक्षा मधलं बटण दाबून काढावी, ती यासाठीच. ब्ल्यू-रे डिस्कमध्ये माहितीचा थर खालच्या पृष्ठभागापासून अवघ्या ०.१ मिलिमीटरवर असतो. तिच्यावर कडक लेप दिलेला असला, तरी खालच्या बाजूच्या चरांपासून ती जपावी लागते.

डब्यावरचं नाव आणि आतला कारखाना

कोरी डिस्क घेताना बहुतेक ग्राहक डब्यावरचं नाव पाहतात. दुकानदारही सांगतो, "ताई, नावाजलेल्या कंपनीची आहे, डोळे झाकून घ्या." फसगत होते ती इथेच. डब्यावर नाव असलेली कंपनी आणि डिस्क बनवणारा कारखाना हे बऱ्याचदा वेगळे असतात. जगभर नाव असलेल्या अनेक कंपन्यांनी स्वतः डिस्क बनवण्याऐवजी तैवान, जपान किंवा भारतातल्या कारखान्यांकडून माल घेतला आणि आपल्या डब्यात भरून विकला. एकाच नावाचा, एकाच रंगाचा डबा या महिन्यात एका कारखान्याचा आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याच कारखान्याचा असू शकतो.

भारतीय घरांना यातला एक कारखाना चांगला परिचयाचा आहे. १९८३ साली दिल्लीत सुरू झालेली मोझर बेअर ही कंपनी आधी वेळेची नोंद करणारी यंत्रं बनवत होती. मग ती फ्लॉपीकडे वळली आणि १९९९ पासून कोऱ्या सीडी बनवू लागली. नोएडा परिसरातल्या तिच्या कारखान्यांतून इतका माल निघू लागला की जगातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांमध्ये तिची गणना झाली. २००७ मध्ये तिनं हिंदी आणि प्रादेशिक चित्रपटांच्या व्हीसीडी २८ रुपयांत आणि डीव्हीडी ३४ रुपयांत विकायला काढल्या, तेव्हा तिचं नाव घराघरांत पोचलं. पुढे डिस्कची मागणी ओसरली, कर्ज वाढलं आणि २०१८ मध्ये कंपनी गुंडाळण्याचा आदेश निघाला. आज एखाद्या दुकानात तिच्या नावाचा सीलबंद डबा दिसला, तर तो बरीच वर्षं पडून असलेला माल आहे हे ध्यानात घ्यावं. कोऱ्या डिस्कचंही वय होतं. राइट न करता ठेवलेलं रंगद्रव्य राइट केलेल्यापेक्षा अधिक नाजूक असतं.

जपानमध्येही तेच घडलं. १९८८ साली राइट करता येणारी सीडी ज्या तैयो युदेन या कंपनीनं घडवली, तिच्या डिस्क जाणकार लोक शोधून शोधून घेत. तिनं २०१५ च्या अखेरीस हा धंदा बंद केला आणि तिचं तंत्र तैवानच्या सीएमसी या कंपनीकडे गेलं. दुसरं मानाचं नाव व्हर्बेटिम. मित्सुबिशी केमिकल या जपानी कंपनीनं विकसित केलेलं 'अॅझो' जातीचं गडद रंगद्रव्य ही तिच्या डिस्कची ओळख. ही व्हर्बेटिमसुद्धा २०१९ मध्ये त्याच सीएमसीनं विकत घेतली. थोडक्यात, दुकानातल्या फळीवर अजून पाच-सहा नावं दिसत असली, तरी त्यांच्यामागे उरलेले कारखाने मोजकेच आहेत.

मग खरा कारखाना ओळखायचा कसा? प्रत्येक कोऱ्या डीव्हीडीवर कारखान्यातच एक सांकेतिक खूण भरलेली असते. डोळ्यांना ती दिसत नाही. पण कॉम्प्युटरच्या रायटरमध्ये कोरी डिस्क घालून 'इमगबर्न'सारखा मोफत प्रोग्रॅम उघडला की ती पडद्यावर येते. खुणेत 'एमसीसी' ही अक्षरं असतील तर रंगद्रव्य मित्सुबिशीच्या पद्धतीचं, 'टीवायजी' किंवा 'युदेन' असेल तर तैयो युदेनचं, 'सीएमसी' असेल तर त्या तैवानी कंपनीचं आणि 'एमबीआय' असेल तर मोझर बेअरचं. ही खूण म्हणजे सोन्यावरचा हॉलमार्क नव्हे. नामांकित खुणांची नक्कलही बाजारात झालेली आहे. पण डब्यावरच्या चित्रापेक्षा ती कितीतरी जास्त सांगते.

दुकानात काय मागावं

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, दिल्लीचं नेहरू प्लेस असो की बेंगळुरूचा एस. पी. रोड, कोऱ्या डिस्कचे पन्नासचे डबे अजून मिळतात. ऑनलाइनही मिळतात. मागताना पुढच्या गोष्टी लक्षात ठेवल्या की निम्मं काम झालं.

पहिली गोष्ट : आठवणी जपण्यासाठी पुन्हा पुन्हा राइट होणारी 'आरडब्ल्यू' डिस्क घेऊ नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनं २००३ साली डिस्कच्या निगेवर एक मार्गदर्शिका काढली होती. उत्पादकांच्या चाचण्यांचा हवाला देऊन तिच्यात म्हटलं होतं की योग्य परिस्थितीत ठेवलेली एकदाच राइट होणारी डिस्क १०० ते २०० वर्षं टिकावी, तर आरडब्ल्यू जातीची २५ वर्षं किंवा थोडी अधिक. शंभर-दोनशे वर्षांचा आकडा चांगल्या डिस्कचा आणि थंड, कोरड्या जागेचा आहे. भारतीय घरातल्या साध्या डिस्ककडून तेवढी अपेक्षा धरू नये. पण दोघींमधला फरक त्यातून स्पष्ट होतो.

दुसरी गोष्ट : 'मायनस आर' की 'प्लस आर'? जुना डीव्हीडी प्लेअर घरात असेल, तर मायनस आर त्यावर चालण्याची शक्यता जास्त. कॉम्प्युटरवरच वापरायची असेल, तर दोन्ही सारख्याच. ८.५ जीबीची दुहेरी थराची डिस्क मात्र टाळलेली बरी. पहिल्या थरातून आरपार जाऊन दुसऱ्यावर राइट करणं लेझरलाही अवघड जातं आणि चुका तिथेच वाढतात. एका दुहेरी डिस्कऐवजी दोन साध्या डिस्क वापराव्यात.

तिसरी गोष्ट : ४.७ जीबी लिहिलेल्या डिस्कवर कॉम्प्युटर ४.३८ जीबीच जागा दाखवतो. यात लबाडी नाही. कारखाना हजाराच्या पटीत मोजतो आणि कॉम्प्युटर १०२४ च्या, एवढाच फरक.

चौथी गोष्ट : मोठ्या शूटिंगसाठी ब्ल्यू-रे. मिनी डीव्ही कॅमेऱ्याच्या एका तासाच्या कॅसेटचं मूळ चित्रीकरण सुमारे १३ जीबी भरतं. ते डीव्हीडीवर बसवायचं तर दाबून लहान करावं लागतं. २५ जीबीच्या ब्ल्यू-रे डिस्कवर ते जसंच्या तसं मावतं. मात्र डब्यावर 'एलटीएच' ही अक्षरं नसावीत. एलटीएच जातीत डीव्हीडीसारखं सेंद्रिय रंगद्रव्य असतं. नेहमीच्या ब्ल्यू-रेमध्ये त्याऐवजी असेंद्रिय थर असतो आणि त्याला उजेडाची तेवढी भीती नसते. त्यासाठी ब्ल्यू-रे रायटर मात्र वेगळा घ्यावा लागतो.

पाचवी गोष्ट : 'एम-डिस्क'. तिच्यात रंगद्रव्य नसून दगडासारख्या कठीण द्रव्याचा थर असतो आणि ती हजार वर्षं टिकेल असा उत्पादकाचा दावा होता. ती महाग असते आणि एम-डिस्कची डीव्हीडी राइट करायला त्या खुणेचा रायटर लागतो. वाचायला मात्र साधा चालतो. डिस्क मजबूत आहे, यात शंका नाही. पण हजार वर्षांची हमी देणारी ती मूळ अमेरिकन कंपनी २०१६ मध्ये दिवाळखोरीत निघाली. दाव्यांकडे किती गंभीरपणे पाहायचं, याचा हा एक धडा.

आणि शेवटची : पन्नासचा डबा घेण्याआधी पाच-दहा डिस्क घेऊन पाहाव्यात. चार डिस्क जवळजवळ पूर्ण भरून राइट कराव्या, तपासाव्या, मगच मोठा डबा आणावा. पन्नास रुपये वाचवायला जाऊन पन्नास डिस्क वाया घालवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

राइट करताना घाई नको

डिस्क चांगली असली तरी घाईनं राइट केली की डाग अस्पष्ट पडतात. डब्यावर १६ ची गती लिहिलेली असेल, तर ८ ची गती निवडावी. पूर्ण भरलेल्या डीव्हीडीला त्या गतीनं आठ-दहा मिनिटं लागतात. याउलट, फार हळू म्हणजे जास्त चांगलं, हाही गैरसमज आहे. आजची रंगद्रव्यं जास्त गतीसाठीच बेतलेली असतात. त्यांच्यावर अगदी धिम्या गतीनं राइट केलं, तर परिणाम बिघडूही शकतो.

डिस्क आतून बाहेरच्या दिशेनं भरत जाते. बोटांचे ठसे पडतात ते कडेला आणि जोड उकलायला लागतो तोही कडेपासून. त्यामुळे डीव्हीडी काठोकाठ न भरता ४.१ ते ४.२ जीबीवर थांबावं. राइट करताना कॉम्प्युटरवर दुसरं काम करू नये. आणि प्रोग्रॅममध्ये 'व्हेरिफाय' नावाचा चौकोन असतो, त्यावर खूण केल्याशिवाय सुरुवात करू नये. त्यामुळे वेळ दुप्पट लागतो, पण राइट झालेली फाइल मूळ फाइलशी अक्षरशः जुळते की नाही हे तिथल्या तिथे कळतं.

काम स्टुडिओतून करून घ्यायचं असेल, तर आपली पारखलेली डिस्क आपणच न्यावी. दोनशे कॅसेट रोज फिरवणारा दुकानदार डिस्क स्वस्तात स्वस्त वापरणार, हे उघड आहे. टीव्हीवर दिसणाऱ्या डीव्हीडीबरोबर मूळ फाइलही हार्ड डिस्कवर मागून घ्यावी. डीव्हीडीत चित्र दाबलेलं असतं. उद्या तिची दुसरी प्रत करायची झाली, तर मूळ फाइलच कामाला येते. आणि वधू-वरांचा फोटो छापलेला कागदी स्टिकर डिस्कवर लावू देऊ नये. तो कितीही सुरेख दिसला, तरी त्याचा गोंद सुकतो, एक कड सुटते, फिरणाऱ्या डिस्कचा तोल जातो आणि सोलायला गेलं तर सीडीवरचा चकचकीत थरही सोबत निघून येतो. नाव लिहायचं असेल, तर पाण्याच्या शाईचा मऊ टोकाचा मार्कर वापरावा. तोही मधल्या पारदर्शक कड्यावर चालवावा, म्हणजे प्रश्नच मिटला.

वाळवी आतून लागते

डिस्क बिघडते ती एका दिवसात नाही. प्रत्येक डिस्कमध्ये राइट झाल्या क्षणापासून थोड्याफार चुका असतातच. प्लेअर त्या चुका हिशेबानं दुरुस्त करून घेतो आणि पडद्यावर चित्र स्वच्छ दिसतं. वर्षं जातात, रंग फिकट होतो, चुका वाढत जातात, पण दुरुस्ती चालू असल्यामुळे घरच्यांना काहीच कळत नाही. एक दिवस चुका दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर जातात आणि डिस्क अडकते. दाराच्या चौकटीला वाळवी लागावी, बाहेरून रंग शाबूत असावा आणि एक दिवस बोट टेकताच लाकूड आत जावं, तसं हे आहे.

म्हणून 'चालते की!' हा डिस्क चांगली असल्याचा पुरावा नव्हे. डीव्हीडीच्या नियमांत अशा चुकांची एक मर्यादा ठरलेली आहे : माहितीच्या लागोपाठच्या आठ गटांमागे २८०. काही रायटर हा आकडा मोजून दाखवू शकतात. ज्यांच्या घरी कॉम्प्युटरची आवड असलेला मुलगा किंवा भाची आहे, त्यांनी हे काम त्यांना द्यावं. बाकीच्यांसाठी सोपी परीक्षा अशी : वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईच्या वेळी, डिस्क कॉम्प्युटरमध्ये घालून तिच्यातल्या सगळ्या फायली हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात. काम एका लयीत संपलं तर डिस्क ठीक आहे. मध्येच गती पडली, डिस्क घरघरली, थांबून पुन्हा सुरू झाली, तर ती आजारी आहे. उतरलेल्या फायलींवरून त्याच आठवड्यात नवी डिस्क करावी.

उन्हाळा, पावसाळा आणि कपाट

त्याच अमेरिकन मार्गदर्शिकेत डिस्क ठेवण्यासाठी ४ ते २० अंश सेल्सियस तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितली आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि मुंबई, रत्नागिरी, पणजीला पावसाळ्यात भिंतींना ओल येते. तिथल्या घरांनी हे आकडे वाचून हसावं की रडावं? पण अगदी ते आकडे गाठता आले नाहीत, तरी त्यांच्या जवळ जाता येतं.

डिस्क माळ्यावर ठेवू नयेत. गच्चीखालचा माळा दिवसभर तापतो. स्वयंपाकघराच्या किंवा न्हाणीघराच्या भिंतीला लागून असलेलं कपाटही नको. घरातल्या मधल्या खोलीतलं, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट उत्तम. प्रत्येक डिस्क तिच्या कडक डबीत, पुस्तकासारखी उभी ठेवावी. प्लास्टिकच्या पातळ पिशव्यांचे अल्बम जागा वाचवतात, पण दमट हवेत पिशवी डिस्कला चिकटते. डब्या एका घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि त्या दरवर्षी बदलाव्यात. डब्यांच्या गठ्ठ्याला रबर बँड लावू नये. रबरात गंधक असतं. थंडावा हवा म्हणून काही जण डिस्क फ्रिजमध्ये ठेवतात. तेही चुकीचं, कारण बाहेर काढताच तिच्यावर दव जमतं.

डिस्क पुसायची वेळ आली, तर मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ रेषेत पुसावी. गोल गोल पुसल्यानं चरा माहितीच्या ओळीच्या दिशेनं पडतो आणि प्लेअरला तो ओलांडता येत नाही.

जुन्या डिस्क हाताशी असतील तर

वीस वर्षांपूर्वीच्या डिस्क ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी नव्या डिस्कच्या खरेदीआधी हे काम उरकावं. एखादी डिस्क प्लेअरवर चालत नसली, तरी लगेच टाकू नये. टीव्हीजवळच्या प्लेअरला जे वाचता येत नाही, ते कॉम्प्युटरच्या रायटरला बऱ्याचदा वाचता येतं. एका रायटरला नाही जमलं तर दुसऱ्याला जमतं. 'आयएसओबस्टर'सारखे प्रोग्रॅम खराब भाग सोडून उरलेलं सोडवून घेतात. संपूर्ण लग्न नाही, तर निदान मंगलाष्टकांपर्यंतचं तरी हाती लागतं.

२००५ च्या आसपास काही कॅमेरे थेट आठ सेंटिमीटरच्या छोट्या डिस्कवर शूटिंग करत. अशी डिस्क 'फायनलाइज' केलेली नसेल, तर त्या कॅमेऱ्याशिवाय ती सहसा कुठेच उघडत नाही. कॅमेरा भंगारात देण्यापूर्वी त्यातल्या सगळ्या डिस्क फायनलाइज करून घ्याव्यात.

आणि मूळ कॅसेट? ती कधीही रद्दीवाल्याला देऊ नये. त्या काळात अनेक स्टुडिओंनी व्हीसीडी करून दिल्या होत्या. व्हीसीडीचं चित्र कॅसेटपेक्षाही हलकं असतं. कॅसेट शाबूत असेल, तर आज तिच्यावरून जास्त चांगली प्रत निघू शकते. फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली, तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट घरच्या व्हीसीआरमध्ये घालू नये. यंत्राचं हेड खराब होतं आणि पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागते. हे काम जाणत्या माणसाकडेच द्यावं, आणि लवकर द्यावं. व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी फुनाई हिनं २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. चालू स्थितीतले व्हीसीआर दरवर्षी कमीच होत जाणार.

यंत्र आधी जातं

डिस्कच्या बाबतीतही तेच होऊ घातलं आहे. सोनीनं कोऱ्या ब्ल्यू-रे डिस्क आणि मिनी डीव्ही कॅसेट यांचं उत्पादन २०२५ च्या फेब्रुवारीत थांबवलं. त्याआधी २०२३ मध्ये पॅनासॉनिकनं कोऱ्या ब्ल्यू-रेचं उत्पादन बंद केलं होतं. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कची खाच नसते. म्हणजे डिस्क टिकवण्याबरोबरच ती वाचणारं यंत्रही टिकवावं लागणार. यूएसबीनं जोडता येणारा बाहेरचा रायटर आज सहज मिळतो. शक्य असेल तर दोन घ्यावेत. एक वापरायला, एक डिस्कच्या डब्यात जपून ठेवायला.

एवढं सगळं केलं, तरी एकच प्रत म्हणजे प्रत नसल्यासारखंच. जाणकारांचा तीन-दोन-एक असा साधा नियम आहे : तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. एक प्रत डिस्कवर, एक हार्ड डिस्कवर आणि तिसरी पुन्हा डिस्कवर, पण आपल्या घरात नाही. पेन ड्राइव्ह यात मोजू नये. तो फायली इकडून तिकडे नेण्यासाठी आहे, वर्षानुवर्षं ठेवण्यासाठी नाही.

'दुसऱ्या घरी' हा शब्द महत्त्वाचा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला पुराचा वेढा पडला. अशा वेळी तळमजल्यावरच्या घरात डिस्क कोणत्या कंपनीची होती, याला काहीच अर्थ उरत नाही. पण बहुतेक मराठी कुटुंबांचे गोतावळे आता एका गावात नसतात. लेक इंदूरला, धाकटा हैदराबादला, आत्या बडोद्याला. ताईच्या लग्नाची एक प्रत ताईच्याच घरी, आजीच्या पंचाहत्तरीची एक आत्याकडे, अशी वाटणी केली की खर्च फक्त दोन डिस्कचा आणि कुरियरचा.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी पिशवी खाली काढावी. डिस्क एकेक करून कॉम्प्युटरमध्ये घालावी, चांगल्या-वाईट वेगळ्या कराव्यात, एका वहीत नाव, वर्ष आणि तपासल्याची तारीख लिहावी. मग पाच-दहा चांगल्या कोऱ्या डिस्क आणून सर्वांत जुन्या शूटिंगपासून सुरुवात करावी. त्यात दिसणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी जे आज घरात आहेत, त्यांना शेजारी बसवून कोण कुणाच्या बाजूला उभं आहे, हे विचारून तेही वहीत उतरवून घ्यावं. ती नावं कुठल्याच डिस्कवर लिहिलेली नसतात.